टायमर वाजला म्हणजे काम झालं का? वर्कफ्लो सॉफ्टवेअरमधले टायमर आणि टास्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. आम्ही सोयाबीन, तूर आणि हरभरा घेतो. गेटवरची नोंद, मॉइश्चर (ओलावा), काटा, प्रत, मंजुरी आणि शेवटी पैसे, अशी मालाची सगळी साखळी वर्कफ्लोवर, म्हणजे एकेक काम (टास्क) ठरलेल्या क्रमाने पुढे सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. सभासदांच्या पीक विम्याच्या पूर्वसूचनाही त्याच्यावरूनच जात. आजूबाजूच्या गटांतले ऑपरेटर, लेखापाल आणि हे काम नव्याने शिकणारी मुलंमुली फोन करून जे विचारतात, ते इथे एका जागी आणलं आहे. बहुतेक उत्तरं बीपीएमएन पद्धतीच्या इंजिनांना, म्हणजे कामाचा नकाशा चित्रात काढला की त्याप्रमाणे काम चालवणाऱ्या कॅमुंडा ७, फ्लोएबल यांसारख्यांना लागू पडतात. एन-एट-एन (n8n) हे दुसऱ्या धाटणीचं वर्कफ्लो सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

टायमर नेमका कुठे मोजला जातो?

कोणी सेकंद मोजत बसत नाही. मॉइश्चरचं टास्क १० वाजून ५ मिनिटांनी उघडलं आणि त्याला अर्ध्या तासाचा टायमर असेल, तर इंजिन तिथेच बेरीज करतं आणि ‘१० वाजून ३५’ ही वेळ डेटाबेसात एक ओळ म्हणून लिहून ठेवतं. मग इंजिनाचा एक भाग थोड्या थोड्या वेळाने ते टेबल चाळतो, वेळ उलटलेली ओळ उचलतो आणि पुढचं पाऊल टाकतो. कॅमुंडा ७ मध्ये त्याला जॉब एक्झिक्युटर म्हणतात.

एवढं डोक्यात बसलं की पुढची निम्मी कोडी सुटतात. टायमर ठरलेल्या वेळेच्या आधी वाजत नाही, पण नंतर वाजू शकतो. हाताशी काम नसलं की तो भाग दोन चाळण्यांमधलं अंतर वाढवत नेतो, त्यामुळे मिनिटभर उशीर झाला तर बिघाड समजू नका. सेकंदावर काटेकोर काम हवं असेल, तर ते या टायमरचं काम नाही.

एन-एट-एनच्या वेट नोडमध्ये, म्हणजे थांबण्याच्या पावलात, एक बारीक गोष्ट आहे. थांबण्याचा काळ ६५ सेकंदांपेक्षा कमी असेल तर तो डेटाबेसात न जाता चालू मेमरीतच राहतो. तेवढ्यात सर्व्हर बंद पडला, तर ते थांबणंही गेलं.

टायमर वाजला की टास्क पूर्ण झालं असं धरायचं का?

नाही. हे पान लिहायला बसलो ते मुख्यतः या एका उत्तरासाठी.

पहिल्या हंगामात आम्ही हीच चूक केली. ऑक्टोबर महिना, गेटपासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरची रांग, आणि मॉइश्चर मीटर एकच. रांग तुंबू नये म्हणून आम्ही मॉइश्चरच्या टास्कवर ३० मिनिटांचा टायमर बसवला. टायमर वाजला की टास्क आपोआप बंद व्हायचं, आकड्याच्या जागी १२ (टक्के ओलावा) भरलं जायचं आणि माल काट्यावर जायचा. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं. आठ दिवसांनी हमाल थप्पी हलवायला गेले, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने मला हाक मारली, “भाऊ, इथं हात घालून पाहा.” पोत्यांच्या मधल्या फटीत हात घातला तर आतून वाफ लागल्यासारखं गरम. पोत्याचं तोंड सोडलं तर दाण्यावर पांढरी बुरशी आणि आंबट वास. ती पोती कोणाची म्हणून नोंद काढली, तर सगळ्यांसमोर एकच आकडा: १२, १२, १२. मीटर त्या मालाला लागलंच नव्हतं.

टायमरला फक्त एवढंच कळतं की वेळ गेली. काम झालं की नाही, हे ज्याने मीटर लावलं त्यालाच माहीत असतं. त्यामुळे ‘वेळ संपली’ आणि ‘काम झालं’ हे दोन वेगळे रस्ते नकाशावर वेगळेच काढा. वेळ संपली तर दुसऱ्या माणसाला हाक द्या, रांग दुसऱ्या मीटरकडे वळवा, व्यवस्थापकाच्या यादीत टाका. पण न मोजलेला आकडा भरू नका. आता आमच्याकडे प्रत्येक टास्कच्या नोंदीत ‘कसं संपलं’ असा रकाना आहे आणि त्यात तीनच शब्द येतात: केलं, वेळ संपली, रद्द. वर्षाअखेरीला हिशोब लावताना याच रकान्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

टास्कच्या कडेवर लावलेले दोन टायमर दिसतात, एकाची रेघ सलग आणि एकाची तुटक. फरक काय?

सलग रेघेचा टायमर वाजला की टास्क मोडून टाकतो. ते माणसाच्या यादीतून निघून जातं आणि काम टायमरच्या रस्त्याने पुढे जातं. तुटक रेघेचा टायमर टास्कला हात लावत नाही. टास्क जागेवरच राहतं, बाजूला एक वेगळी फांदी फुटते आणि त्या फांदीवरून आठवणीचा मेसेज वगैरे जातो.

मनात शंका असेल तर तुटक रेघेचा घ्या. खेड्यात कामाला उशीर होतो तो बहुधा माणूस कामचुकार आहे म्हणून नाही. लाइन नसते, नाल्याला पूर असतो, घरात मयत असते. तो माणूस तासाभराने परत येतो तेव्हा त्याचं टास्क यादीत असलं पाहिजे.

माणसाने वेळेत टास्क पूर्ण केलं, तर दोन्ही प्रकारचे टायमर आपोआप पुसले जातात. ते वेगळे बंद करावे लागत नाहीत.

टास्कला ड्यू डेट दिली, ती उलटून गेली, तरी काहीच झालं नाही. का?

कारण ड्यू डेट ही नुसती चिठ्ठी आहे. कॅमुंडा आणि फ्लोएबलमध्ये ती यादी लावायला आणि लाल रंगात दाखवायला उपयोगी पडते. ती उलटली म्हणून इंजिन स्वतःहून काही करत नाही. काही घडायला हवं असेल तर टायमरच लावावा लागतो. ‘क्लेम’ करण्याचं, म्हणजे टास्क स्वतःच्या नावावर घेण्याचंही तसंच. त्याने टास्क कोणाच्या नावावर आहे एवढं बदलतं, वेळेवर परिणाम होत नाही.

वेळ लिहायची ती विचित्र भाषा कोणती?

आयएसओ ८६०१. ‘पी’ म्हणजे कालावधी आणि ‘टी’ म्हणजे इथून पुढे तास-मिनिटं. पी-१-डी म्हणजे एक दिवस, पी-टी-३०-एम म्हणजे तीस मिनिटं.

फसगत होते ती ‘एम’ वर. टी च्या आधी आला तर तो महिना, नंतर आला तर मिनिट. पी-३०-एम असं लिहिलं तर टायमर तीस महिन्यांनी वाजेल, म्हणजे अडीच वर्षं शांतता. इंजिन चूकही दाखवणार नाही, कारण त्याच्या लेखी ते अगदी बरोबर लिहिलेलं आहे. म्हणून टायमर टाकल्यावर नकाशा पाहून समाधान मानू नका. एक प्रकरण, म्हणजे नकाशावरून जाणारं एक काम, सुरू करा, टायमरच्या टेबलात जा आणि तिथे पडलेली तारीख डोळ्यांनी वाचा.

पीक विम्याचे ७२ तास कसे बसवायचे?

हा प्रश्न आजवर सगळ्यात जास्त आला आणि यातली चूक सगळ्यात महागात पडते. स्थानिक आपत्तीने, म्हणजे गारपीट, ढगफुटी, वावरात पाणी साचणं वगैरे कारणांनी नुकसान झालं, तर ७२ तासांत पूर्वसूचना द्यायची, ही अट आपल्याकडे बहुतेक शेतकऱ्यांना तोंडपाठ झाली होती. २०२५ च्या खरिपात राज्याने स्थानिक आपत्तीचं हे कवच वगळलं, पण ज्या हंगामात ही अट लागू असेल तिथे हिशोब असाच लागतो.

बहुतेक जण टास्कवर पी-टी-७२-एच लावून मोकळे होतात. पण असा टायमर टास्क उघडल्यापासून मोजतो आणि अट मोजते नुकसान झाल्यापासून. मंगळवारी रात्री ११ ला गारा पडल्या. शेतकरी बुधवारी दिवसभर वावरात, गुरुवारी सकाळी ११ ला तुमच्याकडे आला, तुम्ही अर्ज उघडला. ३६ तास आधीच गेलेले आहेत. तुमचा टायमर रविवारी सकाळी ११ ला वाजेल आणि मुदत शुक्रवारी रात्री ११ लाच संपलेली असेल. त्याने फोटो आणले होते, सातबारा आणला होता, त्याच्याकडून काही बाकी नव्हतं. चूक आपल्या नकाशाची, आणि नुकसान त्याचं.

म्हणून इथे कालावधीचा टायमर नको, तारखेचा हवा. अर्जात पहिलाच प्रश्न ठेवा: नुकसान कोणत्या दिवशी, किती वाजता? त्यात ७२ तास मिळवा, त्यातून स्वतःसाठी १२ तास राखून ठेवा आणि येणारी तारीख-वेळ व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रकरणासोबत साठवलेल्या रकान्यात, घालून टायमरला द्या. ती वेळ आधीच उलटलेली असेल तर टायमर जवळपास लगेच वाजतो. तेच हवं असतं, म्हणजे ऑपरेटरला समोर बसलेल्या माणसाला तिथल्या तिथे खरं सांगता येतं.

आणि ७२ हा आकडा नकाशात कोरू नका. नियम हंगामागणिक बदलतात. राज्याची एक रुपयातली विमा योजना २०२३ च्या खरिपात आली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनची ओलाव्याची मर्यादा १२ टक्के, ती २०२४ च्या हंगामात १५ पर्यंत शिथिल झाली. असे आकडे वेगळ्या सेटिंगच्या पानावर ठेवा आणि त्या हंगामाचं परिपत्रक वाचूनच भरा.

टास्क पूर्ण केलं, तरी थोड्या वेळाने परत यादीत दिसतं. भूत आहे का?

भूत नाही, व्यवहार उलटला आहे. तुम्ही ‘पूर्ण’ दाबता तेव्हा इंजिन फक्त टास्क बंद करून थांबत नाही. पुढचं थांबण्याचं ठिकाण येईपर्यंतची सगळी पावलं ते एकाच दमात, एकाच व्यवहारात करतं, म्हणजे सगळं झालं तर पक्कं, नाहीतर काहीच नाही. प्रत मंजूर झाल्यावर लगेच शेतकऱ्याला एसएमएस पाठवायचं पाऊल असेल आणि एसएमएसची सेवा त्या क्षणी बंद असेल, तर एसएमएस तर जात नाहीच, त्याच्यासोबत टास्कचं पूर्ण होणंही मागे फिरतं. प्रतवारी करणारा बिचारा म्हणतो, मी तर दाबलं होतं. त्याने खरंच दाबलेलं असतं.

उपाय असा की माणसाचं काम संपलं तिथे एक खुंटी ठोकायची. कॅमुंडा ७ मध्ये टास्कनंतर ‘असिंक्रोनस आफ्टर’ किंवा पुढच्या पावलावर ‘असिंक्रोनस बिफोर’ अशी खूण करता येते. मग टास्क पूर्ण होऊन पक्कं होतं आणि एसएमएस हे इंजिनाचं वेगळं काम बनतं. ते फसलं तर इंजिन पुन्हा प्रयत्न करतं. कॅमुंडा ७ मध्ये एकूण ३ प्रयत्न ठरलेले असतात, त्यानंतर तिथे इन्सिडंट, म्हणजे अडचणीची नोंद, उभी राहते आणि काम माणसाची वाट पाहत थांबतं.

पुन्हा प्रयत्न करताना पैसे दोनदा गेले तर?

जाऊ शकतात, म्हणूनच ही भीती रास्त आहे. समजा बँकेकडे विनंती गेली, पैसे निघाले, पण उत्तर यायच्या आत नेट तुटलं. इंजिनाला वाटतं काम फसलं, आणि ते पुन्हा विनंती करतं. याशिवाय कॅमुंडा ७ मध्ये एखादं काम उचललं की त्याला ५ मिनिटांचं कुलूप असतं. काम त्याहून लांबलं आणि दुसरा सर्व्हर चालू असला, तर तो तेच काम उचलू शकतो. डेटाबेस अशा वेळी एकाचाच बदल ठेवतो, पण बाहेर गेलेला पैसा आणि एसएमएस त्याला परत आणता येत नाही.

प्रत्येक काटापावतीला एकच, कधीही न बदलणारा क्रमांक द्या आणि पैशाची विनंती त्याच क्रमांकाने करा. पाठवण्याआधी आपल्याच टेबलात पाहा: या क्रमांकावर आधी विनंती गेली आहे का? गेली असेल तर नवी पाठवू नका, जुनीची स्थिती विचारा. ती ‘कळत नाही’ अशी आली, तर पैशाचं काम टायमरवर सोडू नका. लेखापालाच्या यादीत टाका. शेतकऱ्याला एक दिवस थांबायला सांगणं जड जातं, पण दुप्पट गेलेले पैसे परत मागायला त्याच्या दारात जाणं त्याहून जड.

मी ‘पूर्ण’ दाबलं आणि नेमका त्याच क्षणी टायमर वाजला. कोण जिंकतं?

ज्याचा बदल डेटाबेसात आधी पक्का झाला तो. दुसऱ्याला चूक मिळते, दोन्ही रस्ते एकदम चालत नाहीत. टायमर हरला तर तुम्हाला काही कळतही नाही. तुम्ही हरलात तर ‘टास्क सापडलं नाही’ असं काहीतरी इंग्रजीत दिसतं, आणि बटण दोनदा दाबल्यावरही दुसऱ्या वेळी असंच दिसतं. ऑपरेटर घाबरतो. तिथे मराठीत लिहून द्या: ‘हे काम आधीच बंद झालं आहे. कसं बंद झालं ते इथे पाहा.’

वावरात नेटवर्क नव्हतं. पाहणी वेळेत केली, पण मोबाइलने ती गावात आल्यावर पाठवली. तोवर टायमर वाजून गेला. आता?

पंचनाम्याला गेलेल्या मुलीने दुपारी ३ ला फोटो काढले. टॉवर मिळाला साडेसहाला, बस स्टँडवर. टायमर ५ चा होता. इंजिनाच्या दृष्टीने काम झालंच नाही, आणि तिच्या नावावर ‘वेळ संपली’ लागलं. हा तिच्यावर अन्याय आहे आणि तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने दूर केला पाहिजे.

दोन वेळा वेगळ्या साठवा: काम केल्याची वेळ आणि नोंद पोहोचल्याची वेळ. अशा टास्कवर तोडणारा टायमर लावूच नका. ५ वाजता तुटक रेघेच्या टायमरने कार्यालयाला कळवा की नोंद आलेली नाही, एक फोन करा. नोंद नंतर आली की केल्याची वेळ पाहून निर्णय घ्या. मोबाइलचं घड्याळ मागेपुढे असू शकतं, म्हणून जोडणी झाली की सर्व्हरच्या वेळेशी फरक मोजून तोही नोंदीत ठेवा.

लाइन गेली आणि सर्व्हर रात्रभर बंद राहिला. टायमर गेले का?

इंजिनाचे टायमर डेटाबेसात आहेत, ते जात नाहीत. सर्व्हर सुरू झाला की वेळ उलटलेले सगळे एकामागून एक वाजतात. त्रास आहे तो यातच. सकाळी ६ ला लाइन आली की रात्रीचे सगळे आठवणीचे मेसेज एकदम सुटतात आणि झोपेतल्या माणसाला एकाच कामाचे चार-चार मेसेज मिळतात. म्हणून मेसेज पाठवण्याआधी एक छोटी अट घाला: काम अजून बाकी आहे का, आणि ही आठवण अजून कामाची आहे का?

लिनक्सच्या साध्या क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीचं, उलटं आहे. मशीन बंद असताना जी वेळ गेली ती गेली, तो नंतर भरपाई करत नाही. रोजचा आवक अहवाल क्रॉनवर असेल, तर लाइन गेलेल्या दिवशी तो येणारच नाही.

झडीच्या दिवसांत इन्व्हर्टरवर सर्व्हरसोबत राउटरही घ्या. आम्ही पहिल्या वर्षी फक्त सर्व्हर घेतला होता.

सकाळी ९ चा मेसेज दुपारी अडीचला जातो. का?

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथले ९ म्हणजे इथले अडीच. सर्व्हरचा विभाग आशिया/कोलकाता करा, किंवा तारखेच्या शेवटी अधिक ०५:३० लिहा. स्वतःच्या मशीनवर बसवलेलं एन-एट-एन तर सेटिंग बदललं नाही तर न्यूयॉर्कची वेळ धरतं. तिथला सकाळी ९ चा मेसेज आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येतो.

‘तीन कामाचे दिवस’ असा टायमर लावता येतो का?

सरळ नाही. पी-३-डी ला पोळा कळत नाही. सुट्ट्यांचं एक टेबल करा, त्यावरून तारीख काढणारं छोटं फंक्शन लिहा आणि टायमरला तयार तारीख द्या. टेबलात रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार, सरकारी सुट्ट्या तर घालाच. सोबत पोळा आणि आपल्या गावच्या बाजाराचा दिवसही घाला. पोळ्याच्या दिवशी मंजुरीचं टास्क कोणी उघडत नाही आणि उघडावं अशी अपेक्षाही करू नये. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे पैसे जायला सुट्टी आडवी येत नाही. अडतं ते मंजुरी देणाऱ्या माणसापाशी.

नकाशात वेळ ३० मिनिटांवरून ६० केली, तरी जुनी प्रकरणं ३० वरच वाजतात.

त्यांची वेळ आधीच डेटाबेसात लिहिली गेली आहे. नवा नकाशा नव्या प्रकरणांना लागू होतो. जुन्यांची तारीख व्यवस्थापनाच्या पानावरून किंवा एपीआयने, म्हणजे प्रोग्रामने इंजिनाला हुकूम पाठवून, एकेक बदलावी लागते.

तीन संचालकांपैकी दोघांची मंजुरी पुरे आहे. तिसऱ्याचं टास्क उरतं ते कसं काढायचं?

टास्क मल्टी-इन्स्टन्स करा, म्हणजे तेच टास्क तिघांना वेगवेगळं जाईल असं करा, आणि पूर्ण होण्याची अट ‘दोन झाले की’ अशी द्या. दुसरी मंजुरी आली की तिसरं टास्क इंजिन स्वतःच मागे घेतं. त्या तिसऱ्या संचालकांना तसा मेसेज मात्र पाठवा, नाहीतर त्यांना वाटतं आपल्याला डावललं.

७२ तासांच्या टायमरची चाचणी करायला तीन दिवस थांबायचं का?

नाही, आणि सर्व्हरचं घड्याळही पुढे करू नका. बाकीच्या सगळ्या प्रकरणांचे टायमर एकदम वाजतील. आकडा सेटिंगमध्ये असेल तर चाचणीच्या मशीनवर तो दोन मिनिटांचा करा. कोड लिहिणाऱ्यांसाठी कॅमुंडाच्या चाचणीत फक्त इंजिनाचं घड्याळ पुढे ढकलायची सोय आहे.

टायमर वाजल्यावर काय होतं ते सगळे तपासतात. टायमर वाजायच्या एक मिनिट आधी टास्क पूर्ण केलं तर काय होतं, आणि वाजल्यानंतर एक मिनिटाने कोणी ‘पूर्ण’ दाबलं तर काय होतं, हेही तपासा.

रोज काय पाहावं?

गेट उघडायच्या आधी मी दोन याद्या पाहतो. एक, वेळ उलटून दहा मिनिटं झाली तरी न वाजलेले टायमर. ही रिकामी नसेल तर जॉब एक्झिक्युटर बंद आहे किंवा कोणीतरी प्रकरण स्थगित करून ठेवलं आहे. स्थगित प्रकरणाचे टायमर वाजत नाहीत. दोन, काल ‘वेळ संपली’ म्हणून बंद झालेली टास्क. या दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक शेतकरी आहे, म्हणून ती यादी छापून व्यवस्थापकाच्या टेबलावर जाते आणि दुपारपर्यंत प्रत्येक नावाला फोन होतो.